काटा म्हणतो, टाकी भरलेली

कवी म्हणून बोलावलं आणि हा गृहस्थ पेट्रोलच्या टाकीवर बोलायला बसला, असं काही श्रोत्यांना वाटेल. वाटू दे. माझे अब्बा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. मी बी.ए. झालो, कवितेच्या नादी लागलो, तरी पक्कड आणि टेस्टर ठेवायचा घरातला कोनाडा काही विसरलो नाही. म्हणूनच मिरजेच्या माझ्या एका डॉक्टर मित्रानं वडिलांची जुनी मॉरिस मायनर पुन्हा रस्त्यावर आणायची ठरवली, तेव्हा इंजिन त्यानं मेकॅनिककडे सोपवलं आणि पेट्रोलचा काटा माझ्याकडे.

गाडी १९५५ ची. मॉरिस मायनर इंग्लंडात १९४८ मध्ये आली. ॲलेक इसिगोनिस यांनी तिची आखणी केली होती, पुढे मिनी ही प्रसिद्ध गाडीही त्यांचीच. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनं मायनर काही काळ ‘बेबी हिंदुस्थान’ या नावानं विकली. जाणकार मंडळी ‘व्हिंटेज’ हा शब्द १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांपुरता राखून ठेवतात. पण आपल्या सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. यातला ‘मूळ रूप’ हा शब्द लक्षात ठेवा.

आता दुखणं सांगतो. टाकी तेवीस लिटरच्या आतबाहेर. मित्रानं तीत दहा लिटर पेट्रोल घातलं, काटा गेला थेट ‘फुल’वर. सांगलीला जाऊन आला, काटा फुलवर. दुसऱ्या दिवशी जयसिंगपूर, तरी फुलवर. पेट्रोल न पिणारी गाडी मिळाली म्हणून आम्ही हसलो. मग एका संध्याकाळी काटा दगड पडावा तसा खाली आला आणि थोड्या वेळानं गाडी रस्त्यातच थांबली. भरलेली, भरलेली, भरलेली आणि एकदम रिकामी, असा तो प्रकार.

स्पेअर पार्टच्या दुकानात सल्ला मिळाला, की टाकीतलं युनिट आणि मीटर दोन्ही काढून टाका, नवीन जोडी बसवा. नुसतं युनिट बदलून का भागत नाही? तर जुन्या आणि नव्या मीटरची भाषाच उलटी आहे. या जुन्या मीटरला टाकी रिकामी असताना तारेचा अडथळा जवळजवळ शून्य लागतो आणि भरलेली असताना सत्तर ओहमच्या आसपास. त्याच कंपन्यांनी साधारण १९६४ नंतर जे मीटर बसवले, त्यांत रिकाम्याला अडथळा जास्त आणि भरलेल्याला कमी. एकाचं युनिट दुसऱ्याला जोडलं, की रिकामी टाकी भरलेली दिसणार.

या टँक युनिटला काही गॅरेजांत नुसतं ‘फ्लोट’ म्हणतात. त्याची रचना साधी असते. पेट्रोलवर तरंगणारा एक पितळी डबा, त्याला दांडी, दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी घसरती पट्टी. ती पट्टी बारीक तारेच्या वेटोळ्यावरून पुढंमागं सरकते. समोरच्या मीटरमध्ये दोन कॉइल असतात आणि त्यांच्या मधोमध काट्याचं लोखंड. एक कॉइल काट्याला रिकाम्याकडे ओढते, दुसरी भरलेल्याकडे. टाकीतली तार ठरवते, दुसरीला किती वीज मिळायची. बॅटरी जरा कमजोर झाली तरी दोघींचं बळ सारखंच उतरतं, त्यामुळे काटा जागेवर राहतो. ज्यानं हे योजलं त्याला सलाम करावासा वाटतो.

फक्त एक गोम आहे. टाकीकडची तार तुटली, की सगळी वीज दुसऱ्या कॉइलकडे जाते आणि काटा ‘फुल’ दाखवतो. नंतरच्या मीटरमध्ये तार तुटली तर काटा ‘रिकामी’ म्हणतो. माणूस निदान पंपावर तरी जातो. जुना काटा मात्र टाकीशी संबंध तुटला, की सगळं भरलेलं आहे असं सांगत बसतो.

तपासणीची रीत अब्बांची. किल्ली फिरवायची आणि युनिटवरची तार काढायची. काटा फुलवर गेला पाहिजे. तीच तार गाडीच्या पत्र्याला क्षणभर टेकवायची, काटा रिकाम्यावर आला पाहिजे. दोन्ही झालं, म्हणजे मीटर आणि मधली तार ठीक, दोष टाकीत किंवा तिच्या अर्थिंगमध्ये. हे टाकी बंद असतानाच करायचं. ठिणगी आणि उघडं पेट्रोल एकत्र येता कामा नयेत. टाकीच्या आत तर वीज खेळतेच, मग तिथं भडका का उडत नाही, असं मला नेहमी विचारतात. आत वीज अगदी थोडी असते आणि बंद टाकीतली वाफ इतकी दाट, की जळायला हवाच पुरत नाही. उघड्यावर तिला हवा मिळते.

अर्थिंगचा गंज घासून पाहिला. अनेकदा आजार तेवढाच असतो. नवा रंग किंवा नवं पॅकिंग लावलं, की युनिटचा पत्र्याशी संबंध सुटतो. इथं फरक पडला नाही. मग बॅटरी सोडवली, पेट्रोल काढून घेतलं आणि उघड्या अंगणात युनिट बाहेर काढलं.

फायबरच्या चपट्या पट्टीवर केसासारखी तार गुंडाळलेली. पट्टीचं जे टोक भरलेल्या टाकीचं, तिथली तार जवळजवळ कोरी होती. रिकाम्याकडच्या टोकाला मात्र ती घासून चपटी झालेली आणि एका जागी तुटलेली. म्हणून टाकी अगदी तळाला गेल्यावरच काटा खरं बोलत होता.

मित्र भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिला. त्याचे वडील खेड्यांत व्हिजिटला जायचे. पंचक्रोशीत ‘मोटारवाले डॉक्टर’ म्हणून नाव. फी पुष्कळदा ज्वारीच्या रूपात यायची, पुष्कळदा यायचीच नाही. मित्र म्हणाला, “पाचवीत सहलीला पैसे नाहीत म्हणाले होते. दारात मोटार आणि सहलीला पैसे नाहीत? मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. आईला माहीत असणार सगळं.” तारेवरून माणसाचं चरित्र वाचू नये, हे मलाही कळतं. पाच-पाच लिटर पेट्रोल घालणारे त्या काळी खूप होते आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर तर विचारूच नका. पण मी काही बोललो नाही. वरची अर्धी तार खरोखरच कोरी होती.

आमच्या मोहल्ल्यात पंख्यांच्या मोटारी बांधणारे एक वाइंडिंगवाले चाचा आहेत. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, “शायरसाब, जोड मारूं क्या? चार फेरे मरेंगे, कांटा थोडा झूठ बोलेगा.” मित्रानंच सांगितलं, की पूर्ण बांधा. मिरजेत तारेशी खेळणारे हात नवे नाहीत. शिकलगारांच्या घरांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम मागं टाकून सतार घडवायला घेतली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला, तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण सतारीची तार इथं चालत नाही. इथं नायक्रोम लागते, तीही बारीक. विजेच्या शेगडीची जाड पडते. मुंबईच्या लोहार चाळीतून मागवली. चाचांनी जुने फेरे उलगडत मोजले, तेवढेच नवे घातले. मोजताना दुकानात कुणी बोलायचं नाही. नायक्रोमला साधा डाग बसत नाही, म्हणून टोक पितळी रिव्हेटखाली दाबलं. मल्टीमीटरवर सत्तरच्या जवळ आकडा आला. दीडशे रुपये घेतले. त्यांचा मुलगा पुण्यात मोबाइल दुरुस्त करतो.

डबा हलवला तर आत पेट्रोल खळखळत होतं. असा डबा गरम पाण्यात बुडवायचा, भोक असेल तिथून बुडबुडे निघतात. मग आतलं पेट्रोल पूर्ण काढून, डबा पुन:पुन्हा गरम पाण्यानं धुऊन, वाफ उरली नाही याची खात्री झाल्यावरच डाग द्यायचा. हे मी जोर देऊन सांगतो, कारण गॅरेजातली पोरं घाई करतात. पेट्रोल काढून टाकलेला डबा भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा. आणि काडी पेटवून टाकीत डोकावणाऱ्याला काय म्हणावं!

कितीतरी जुन्या गाड्यांत डब्याऐवजी बुचाचं लाकूड असतं, वरून लाखेचा थर दिलेला. लाख पेट्रोलला दाद देत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळते. २०२५ पासून आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. अशा गाडीचे मालक ऐकत असतील तर त्यांनी फ्लोट एकदा काढून बघावा. लाख गेली, की बूच पेट्रोल पिऊन जड होतं, बुडतं आणि टाकी भरलेली असूनही काटा रिकामी दाखवतो.

युनिट बसवलं. मापाच्या कॅननं पाच-पाच लिटर ओतत गेलो. पहिल्यांदा काटा थोडा जास्त दाखवत होता, म्हणून दांडी किंचित वाकवली. मित्रानं टाकी गळ्यापर्यंत भरायला लावली. नव्या तारेच्या वरच्या टोकावर पट्टी पोचली आणि काटा फुलवर जाऊन थांबला. जुनी तार त्यानं औषधाच्या रिकाम्या डबीत घालून आईच्या कपाटात ठेवली आहे.

परवा आम्ही पंढरपूर रस्त्यानं चक्कर मारली. वळणावर काटा डुलायला लागला, तसं तो म्हणाला, “हेही दुरुस्त कर की.” मी म्हटलं, या जुन्या मीटरचा काटा हलकाच असतो, टाकीतलं पेट्रोल हललं की तोही हलतो, त्याला हात लावायचा नाही. आता वायपर बघायचा आहे. तो एकाच बाजूनं पुसतो.