याला ओळखतो कोण? – तुरुंगाचे पर्याय आणि गावाची जबाबदारी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने तुरुंगाचा विषय निवडावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु परमुलखात येऊन ज्यांनी पन्नास वर्षे एक संस्था सांभाळली, त्यांच्याइतका या विषयाचा जाणता श्रोता मला दुसरा दिसत नाही. नव्या शहरात बिऱ्हाड शोधताना, मुलाचे नाव शाळेत घालताना, बँकेत खाते उघडताना आपल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न हटकून विचारला गेला : ‘तुम्हांला इथे ओळखतो कोण?’ मंडळ उभे राहिले ते बऱ्याच अंशी या प्रश्नाचे उत्तर म्हणून. हाच प्रश्न न्यायालयात विचारला जातो, तेव्हा माणूस संध्याकाळी घरी जातो की तुरुंगात, हे त्याच्या उत्तरावर ठरते. आज मला बोलायचे आहे ते याविषयी.

आरंभी थोडे आकडे सांगणे भाग आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ४,३६,२६६ माणसांची सोय होती आणि प्रत्यक्षात ५,७३,२२० माणसे होती. यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता असे. शंभरांतले पंचाहत्तरांहून अधिक! तुरुंग ही शिक्षा भोगण्याची जागा, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती अशी की, तो मुख्यतः वाट पाहण्याची जागा झाला आहे.

हे असे का व्हावे? एक उदाहरण पुरेसे आहे. मध्यप्रदेशातील मोतीराम नावाच्या एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन मंजूर केला. खालच्या न्यायाधिकाऱ्याने जामीनदार मागितला तो दहा हजार रुपयांचा. मोतीरामाचा भाऊ जामीन राहण्यास पुढे आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, या कारणाने तो नाकारण्यात आला. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७८ च्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. एका जिल्ह्यातला भारतीय दुसऱ्या जिल्ह्यात परका कसा ठरतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. दक्षिणेकडचा माणूस उत्तरेतल्या एखाद्या गावी पकडला गेला, तर त्याने तिथे घरदार असलेला जामीनदार आणावा कोठून, हा प्रश्न त्यांनी स्पष्टपणे मांडला. मोतीरामाची एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सुटका करण्याचा आदेश झाला. श्रोतेहो, घरापासून दूर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हा निकाल जाणून घेतला पाहिजे, कारण त्यातला ‘परका’ म्हणजे आपणच.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, बिहारच्या कच्च्या कैद्यांचे हुसैनआरा खातून प्रकरण गाजले. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी यांनी तिथल्या तुरुंगांत जे पाहिले त्यावर वृत्तपत्रांत लिहिले, आणि त्या लेखांच्या आधारे कपिला हिंगोरानी या वकीलबाईंनी अर्ज केला. हे रुस्तमजी जन्माने आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे. ज्या गुन्ह्यांची कमाल शिक्षा भोगूनही संपली असती, त्यांच्यासाठी माणसे खटल्याविना खितपत पडलेली आढळली. न्यायमूर्ती भगवती यांनी या प्रकरणात सांगितले की, आरोपी पळून जाणार नाही याची हमी केवळ पैशाने मिळत नाही. तो त्या ठिकाणी किती दिवस राहतो, त्याचा कामधंदा काय, कुटुंब कोठे, आणि त्याच्याविषयी खात्री देणारी जबाबदार माणसे कोण, हे न्यायालयाने पाहावे.

नीट विचार केला तर ध्यानात येईल की, या प्रश्नांची उत्तरे दिल्लीत किंवा राज्याच्या राजधानीत मिळणारी नाहीत. ती त्या गल्लीत, त्या पेठेत, त्या कारखान्याच्या दाराशी मिळतात. तुरुंगाला पर्याय म्हणून कायद्याने जे जे काढले, ते सारे शेवटी स्थानिक माहितीवर आणि स्थानिक देखरेखीवर उभे आहे. भिंतीचे काम जिथे भिंत करीत नाही, तिथे ते माणसांना करावे लागते.

शिक्षेच्या बाबतीतही हेच. मुंबई प्रांतात परिवीक्षेचा कायदा १९३८ मध्ये झाला आणि सबंध देशासाठी ‘अपराधी परिवीक्षा अधिनियम’ १९५८ मध्ये आला. देहान्त किंवा जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात, माणसाचे वय, स्वभाव, पूर्ववृत्त पाहून न्यायालय त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. एकवीस वर्षांखालील मुलाला तुरुंगात धाडायचेच असेल, तर न्यायाधीशाने कारणे लिहून ठेवली पाहिजेत. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देण्याचा हुकूमही याच कायद्याखाली होऊ शकतो. तेव्हा ‘गुन्हेगाराला मोकळे सोडले आणि फिर्यादी कोरडाच राहिला’ हा आक्षेप कायद्याला लागू पडत नाही, फार तर त्याच्या अंमलबजावणीला लागू पडेल.

परंतु याच कायद्यात एक अट आहे. अपराध्याला, किंवा जामीनदार असेल तर त्याला, त्या न्यायालयाच्या हद्दीत कायमचे राहण्याचे ठिकाण अथवा नियमित व्यवसाय असला पाहिजे. अट वाजवी आहे, कारण देखरेख ठेवायची तर माणूस सापडला पाहिजे. पण आज या बांधकामावर, उद्या त्या बांधकामावर असा जो मजूर आहे, त्याचे कायमचे ठिकाण कोणते? तो येथेच अडकतो. याच कायद्यात त्याच्यावर तोडगाही आहे, आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. परिवीक्षा अधिकारी हा सरकारी नोकरच असला पाहिजे असे नाही. राज्य सरकारने मान्यता दिलेली एखादी संस्था आपला माणूस त्या कामासाठी देऊ शकते. अपराध्याच्या घरची परिस्थिती न्यायालयापुढे ठेवणे, त्याच्यावर लक्ष ठेवणे, त्याला काम मिळवून देण्याची खटपट करणे, ही त्या अधिकाऱ्याची कर्तव्ये होत. मंडळे, सेवासंघ, महिलासमाज यांच्यासाठी कायद्याने दार उघडे ठेवले आहे.

आता आपल्याच मुलखातील एक प्रयोग. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली. तिचा पाया ग्रामपंचायत हा होता. त्याच वर्षी त्या संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत निघाली. पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन या अभियंत्याची कल्पकता तिच्यामागे होती. कैद्यांनी भिंतीवाचून राहावे, शेती करावी, बायकामुलांसह संसार करावा, अशी ती योजना. १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, त्याच्या कथेचे मूळ हेच आणि कथालेखक त्याच माणदेशाचे ग. दि. माडगूळकर. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यातला जेलर आपल्या स्मरणात राहतो. मला मात्र त्यामागचे संस्थान अधिक महत्त्वाचे वाटते. जो राजा गावाच्या हाती कारभार देण्याचे धाडस करू शकला, त्यालाच गावाच्या शेजारी कैदी मोकळे ठेवण्याचे धाडस झाले. दोन्हींच्या मुळाशी एकच विश्वास होता.

राजस्थानात जयपूरजवळ सांगानेर येथे १९६३ पासून असेच खुले शिबिर आहे. त्या वेळचे राज्यपाल डॉ. संपूर्णानंद यांचे नाव त्याला दिलेले आहे. तेथील बंदिवान कुटुंबासह राहतात, दिवसा शहरात मोलमजुरी किंवा धंदा करतात, संध्याकाळी हजेरी देतात. हजेरीची आणि शिस्तीची बरीचशी व्यवस्था त्यांचीच बंदी-पंचायत पाहते. येथवर ठीक. परंतु शिबिराभोवती शहर वाढले आणि त्याच्या जमिनीतील काही भाग रुग्णालयासाठी देण्याचे ठरले. २०२४ मध्ये तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. रुग्णालय नको, असे कोण म्हणेल? पण नगरविकासाचा आराखडा आखणारे लोक खुल्या शिबिराला शहराची संस्था मानतात की मोकळी पडलेली जागा मानतात, हा प्रश्न त्यातून पुढे आला. तुरुंग हा राज्यघटनेप्रमाणे राज्यांचा विषय आहे. म्हणून महापालिका, जिल्हा परिषद, विकास प्राधिकरण यांना वाटते की आपला त्याच्याशी संबंध नाही. वास्तविक संबंध पदोपदी येतो : जमीन त्यांची, शाळा त्यांची, दवाखाना त्यांचा, काम देण्याची ताकद त्यांची.

आणि आता तर हा संबंध अधिकच जवळचा झाला आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने सामुदायिक सेवा ही शिक्षा प्रथमच दंडविधानात आणली. मोजक्या किरकोळ गुन्ह्यांना ती आहे. उदाहरणार्थ, पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी, माल परत केला असल्यास, किंवा दारू पिऊन सार्वजनिक जागी केलेली गैरवर्तणूक, किंवा अब्रुनुकसानी. समाजाच्या उपयोगाचे काम, विनामोबदला, न्यायालयाच्या हुकमाने करायचे, एवढी तिची व्याख्या. काम कोठे, किती तास, कोणाच्या नजरेखाली, हे त्या व्याख्येत नाही. काही राज्यांनी मार्गदर्शक तत्त्वे करण्यास आरंभ केला आहे. पण काम निघणार ते नगरपालिकेच्या बागेत, सरकारी रुग्णालयात, ग्रंथालयात, ग्रामपंचायतीच्या रोपवाटिकेत. तिथला मुकादम हजेरी मांडणार आणि न्यायालय त्या हजेरीवर विसंबणार.

येथे दोन भये आहेत. पहिले असे की, हजेरी कागदावरच भरली जाईल आणि शिक्षा हा फार्स होईल. दुसरे त्याहून वाईट. फुकट मिळालेला माणूस कंत्राटदाराच्या कामाला जुंपला जाईल, किंवा गळ्यात पाटी अडकवून त्याची धिंड काढल्यासारखी शोभा केली जाईल. वेठबिगार घटनेने निषिद्ध केली आहे, आणि मानभंग ही कायद्यात सांगितलेली शिक्षा नव्हे. दोन्ही भयांवर उपाय एकच : ज्यांचा त्यात काही लाभ नाही अशा नागरिकांचा डोळा.

असा डोळा ठेवण्याची सोय आपल्या व्यवस्थेत अगदीच नाही असे नाही. प्रत्येक तुरुंगासाठी अभ्यागत मंडळ असावे आणि त्यात सरकारी अधिकाऱ्यांबरोबर अशासकीय अभ्यागतही असावेत, हा जुना नियम आहे. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील पोलीस कोठड्यांना सत्र न्यायाधीशाने अकस्मात भेटी द्याव्यात असे सांगितले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातील जातिभेद घटनाबाह्य ठरवताना याच अभ्यागत मंडळांवर आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांवर तपासणीचे काम सोपवण्यात आले. २०१५ च्या आदेशानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांची आढावा समिती आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत तुरुंगात काढली, तर त्याच्या सुटकेचा विचार व्हावा लागतो. देहान्ताचे व जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंगाधिकाऱ्याने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावे आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह न्यायालयांनी धरू नये, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे. मोतीरामानंतर पंचेचाळीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली, यातच सर्व आले. कायदा वरून येतो, पण तो अमलात आणणारी माणसे गावातच असावी लागतात.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. एक, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवक योजनेत आपले पाचदहा निवृत्त सभासद जावोत. जामीन मिळूनही आत राहिलेल्यांची यादी पाहणे आणि त्यांच्या घरी त्यांच्या भाषेत पत्र लिहिणे, एवढ्याने आरंभ होईल. दोन, तुरुंगाच्या अशासकीय अभ्यागतांत आणि परिवीक्षेच्या मान्यताप्राप्त संस्थांत स्थान मिळवण्यासाठी मंडळाने रीतसर अर्ज करावा. तीन, आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला विचारावे : सामुदायिक सेवेसाठी पालिकेने कामांची यादी केली आहे काय, आणि त्या कामांची वही नागरिकांना पाहता येईल काय?

डोळे मिटून कोणाचीही हमी घ्यावी, असे मी सुचवीत नाही. हमी देणाऱ्याने आधी चौकशी करावी, भेटावे, पारखावे आणि मग खरे तेच न्यायालयाला सांगावे. आपला माणूस आहे म्हणून खोटे चांगले बोलणे, हा देखरेखीचा शेवट होय.

तसेच हे काम मराठी माणसापुरते राखू नये, अशी माझी विनंती आहे. पन्नास वर्षांपूर्वी या शहरात आपण अनोळखी होतो. आज आपली घरे येथे आहेत, मुले येथली भाषा आपल्याहून चांगली बोलतात, दुकानदार आपल्याला नावाने हाक मारतो. आता अनोळखी आहेत ते दुसरे : ओरिसाचा गवंडी, झारखंडची घरकामाची मुलगी, बुंदेलखंडातून आलेला हमाल. न्यायालयात त्यांच्यापैकी कोणाचे नाव पुकारले जाईल आणि ‘याला ओळखतो कोण?’ असे विचारले जाईल, तेव्हा चौकशी करून उभे राहणारे कोणीतरी या शहरात असावे. ते आपण असावे, अशी माझी इच्छा आहे.