लेखक म्हणून कुणाचं नाव?



मुक्त सॉफ्टवेअरबद्दल बोल, असं मला सांगितलंय. मी एका चुकीपासून सुरुवात करतो. चूक माझी आहे.

2009 साली मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मिरजेच्या आमच्या घरी टपालाने उबुंटूची सीडी आली, फुकट. तेव्हा ती मागेल त्याला जगभर पाठवायचे. घरात संगणक एकच. मी आणि मोठी बहीण, म्हणजे आपा, आळीपाळीने वापरायचो. ती बी.एस्सी. करत होती आणि प्रोग्रॅमिंगमध्ये माझ्यापेक्षा सरस होती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

ज्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, इतरांना द्यावा, ते मुक्त सॉफ्टवेअर. 1983 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासूनची ही चळवळ. इथे नाव, गाव, धर्म कुणी विचारत नाही, फक्त काम बघतात, असं मी ऐकलं होतं. भाड्याचं घर शोधताना आडनाव सांगावं लागलेल्या घरातल्या पोराला हे केवढं वाटलं असेल, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आपाला मात्र आठवड्याभरातच कळलं की विचारतात. तिने एका चॅटरूममध्ये स्वतःच्या नावाने प्रश्न टाकला. उत्तराच्या आधी फोटो मागितला गेला. मग तिने माझ्या नावाने लॉगिन करून तोच प्रश्न शब्दही न बदलता टाकला. दहा मिनिटांत दोघांनी नीट समजावून सांगितलं.

पुढे ती माझ्याच नावाने वावरू लागली. एका छोट्या एडिटरमध्ये जोडाक्षरांवर कर्सर अडकायचा. तो दोष तिने शोधला, दुरुस्तही केला. मी फक्त पाठवला. तो स्वीकारला गेला, माझ्या नावावर. नोकरीच्या मुलाखतीत मला त्याच बदलाबद्दल विचारलं आणि मी तो माझा म्हणून समजावून सांगितला.

गिटमध्ये प्रत्येक बदलाला दोन नावं लागतात: लिहिणाऱ्याचं एक, दाखल करणाऱ्याचं दुसरं. म्हणजे तिच्या नावाला जागा होती. दोन्हीकडे मी माझंच घातलं.

बरं, ती स्वतः रात्री बसून काम का वाढवत नव्हती? कारण मी मध्यरात्री कोड लिहायचो तेव्हा पहाटे चारला येणारं पाणी भरायची पाळी तिची असायची. माझी कधीच नव्हती. संध्याकाळचा जो एक तास तिला मिळायचा, तो बऱ्याचदा लोडशेडिंग खायचं. स्वेच्छेने, बिनपगारी काम करायला आधी रिकामा वेळ लागतो, आणि घराघरात तो कुणाकडे असतो हे आपण जाणतो.

हे फक्त आमच्या घरातलं नाही. 2006 च्या उन्हाळ्यात ग्नोम या मोठ्या मुक्त प्रकल्पाकडे गूगलच्या विद्यार्थी योजनेतून 181 अर्ज आले. त्यांत एकही स्त्री नव्हती. ‘मुलींना यात रस नसतो’ म्हणून सोडून देता आलं असतं. त्यांनी त्याच उन्हाळ्यात स्त्रियांसाठी वेगळी योजना काढली. स्पर्धेऐवजी शिकण्यावर आणि मार्गदर्शनावर भर दिला. शंभराच्या आसपास अर्ज आले, सहाजणींना काम मिळालं. इतक्या जणी आदल्या महिन्यात कुठे होत्या?

2017 साली गिटहबवरच्या बदलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकंदरीत स्त्रियांचे बदल पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारले जात होते. पण प्रकल्पात नव्या असलेल्या आणि प्रोफाइलवरून स्त्री म्हणून ओळखू येणाऱ्या जणींचं प्रमाण पुरुषांच्या खाली घसरत होतं. आपाने हा प्रयोग एकटीने, एका संध्याकाळी केला होता.

अमेरिकन स्त्रीवादी जो फ्रीमन यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, स्त्रियांच्याच गटांना उद्देशून, एक निबंध लिहिला होता. ‘आमच्यात कुणी नेता नाही, नियम नाहीत’ म्हणणाऱ्या गटातही सत्ता असतेच. फक्त ती मित्रमंडळींच्या हातात जाते आणि तिला जाब विचारता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. सॉफ्टवेअरचा त्यात उल्लेख नाही, पण मी वाचला तेव्हा मला आमच्याच प्रकल्पांच्या चर्चा आठवल्या. (आपल्या मोहल्ला कमिट्याही आठवल्या, पण तो विषय आज नको.) म्हणून आता अनेक प्रकल्प वागणुकीचे नियम लिहून ठेवतात, तक्रार कुणाकडे करायची तेही सांगतात. ‘कोडमध्ये राजकारण आणू नका’ असं त्यावर ऐकू येतं. फोटो मागणं हेही राजकारणच होतं ना?

ग्नोमची ती योजना 2010 मध्ये पुन्हा सुरू झाली. आज ती आउटरीची या नावाने अनेक प्रकल्पांसाठी चालते आणि स्त्रियांशिवाय इतर डावललेल्या गटांनाही खुली आहे. तीन महिने, घरून काम, मानधन, आणि ज्याला बिनधास्त प्रश्न विचारावेत असा ठरलेला मार्गदर्शक. भारतातल्या कितीतरी मुलींनी ती केली आहे. इथे बसलेल्या मुलींनी अर्ज करा. मुलांनो, तुम्ही पहाटेचं पाणी भरा.

मागच्या वर्षी मी त्या एडिटरच्या लोकांना सगळं लिहून कळवलं. जुनी नोंद बदलता येत नाही म्हणाले, पण श्रेयनामावलीत आपाचं नाव घातलं. मी तिला दुवा पाठवला. तिचं उत्तर आलं: “ठीक आहे. पण तुझ्या नोकरीचे पेढे अम्मीने वाटले होते. तिला सांगितलंस का?”

नाही सांगितलं. रविवारी मिरजेला जातोय.