पिस्तुलाविना पिस्तुलांचा संग्रह

(मंडळाच्या गणेशोत्सवात, यशवंतपूर येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



फलकावर ‘जुन्या लष्करी पिस्तुलांचा संग्रह’ असा विषय लिहिला गेला आणि कालपासून तीन जणांनी मला विचारले, “साहेब, मंडपात पोलिसांना कळवलंय ना?” आधी खुलासा करतो. माझ्याकडे एकही पिस्तूल नाही, कधी नव्हते. टेबलावर मांडलेली चामड्याची होल्स्टरे, एक गळ्यात अडकवायची दोरी, नळी साफ करायच्या दोन सळया आणि काही जुनी छापील पुस्तके, एवढाच माझा संग्रह. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेल्या माणसाच्या खिशाला परवडणारा.

हा नाद लागला तो घरातल्या एका वस्तूमुळे. आमचे मूळ गाव खानापूर तालुक्यात. माझे चुलत पणजोबा मराठा पलटणीत होते. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेला शरणागती पत्करावी लागली. त्यानंतर जी नवी भरती झाली, तीत आमचे आजोबा गेले. सुभेदार होऊन परतले. त्यांच्याकडे परवान्याचे एक रिव्हॉल्व्हर होते. ते वारले तेव्हा माझे वडील कॉलेजात होते. घरच्यांनी रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केले. होल्स्टर मात्र खुंटीवरच राहिले. आईने त्यात कित्येक वर्षे रेशनकार्ड ठेवले होते!

मी नोकरीला लागल्यावर एकदा सुट्टीत ते होल्स्टर खाली काढले. आत शाईने छापलेले १९१७ साल दिसले आणि सरकारी मालाचा बाणाचा शिक्का. मी व्हर्नियर लावून मापे घेतली. सहा इंची नळी बसेल असे ते होते, म्हणजे आत बहुधा वेब्ली मार्क सहा असणार. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे हे रिव्हॉल्व्हर १९१५ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारले. वजन किलोभराहून थोडे जास्त, गोळी .४५५ची. अंगठ्याने खटका दाबला की नळी पुढे झुकते आणि सहाही रिकामी काडतुसे एकदम बाहेर पडतात. चिखलात, वाळूत अडकायचे नाही म्हणून सैनिकांचा त्यावर विश्वास.

मला वाटले, हे रिव्हॉल्व्हर परत मिळवावे. त्या ठाण्याचे नाव घेत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. तिथले हवालदार सज्जन होते. म्हणाले, “नंबर सांगा, जुने रजिस्टर काढून बघतो.” नंबर आमच्याकडे नव्हता. परवाना नव्हता, पावती नव्हती. घराला रंग काढताना जुने कागद बंबात गेले होते. वडिलांना विचारले तर म्हणाले, “अरे, तेव्हा घरातून एकदाचं गेलं म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. नंबर कोण लिहून ठेवतो?”

पुढे कायदा वाचल्यावर कळले की ते परत मिळणे कठीणच होते. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारक वारला की वारसाने शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे. ठरलेल्या मुदतीत कोणी हक्क सांगितला नाही तर ते सरकारजमा होते. शिवाय .३८०, .४५५ आणि ९ मिलिमीटर ही मापे प्रतिबंधित आहेत. सैन्याची मापे नागरिकांकडे नकोत, असा त्यामागचा हिशोब. म्हणून आपल्याकडे सरकारी कारखान्यात नागरिकांसाठी जे रिव्हॉल्व्हर बनते ते .३२चे, आणि त्याचा घाट मात्र वेब्लीचाच.

परदेशात चित्र निराळे आहे. सोव्हिएत युनियन फुटल्यावर तिथल्या कोठारांतली नागां रिव्हॉल्व्हरे अमेरिकेत शंभर डॉलरच्या आसपास मिळत. रचना १८९५ सालची, सात गोळ्यांची. चाप ओढला की गोळ्यांचे चक्र पुढे सरकून नळीला चिकटते, म्हणजे मधल्या फटीतून वायू निसटत नाही. गॅस्केट बसवणाऱ्या आम्हा लोकांना याचे कौतुक वाटणारच! तिथे एखादा फिटरही असा संग्रह करू शकतो. पण त्याच अमेरिकेत कित्येक वेब्लींची चक्रे घासून टाकली गेली, का तर तिथली सहज मिळणारी .४५ची गोळी बसावी. वस्तू स्वस्त असली की तिची किंमत राहत नाही, हेही खरे.

मग आपण काय जमवायचे? भोवतालच्या वस्तू. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, आपल्या इथे बी. व्ही. के. अय्यंगार रस्त्यावरच्या संडे बाजारात मी फिरत असतो. हे दुसरे होल्स्टर तीनशे रुपयांना मिळाले. विकणारा त्याला ‘पोलिसांच्या टॉर्चचं कव्हर’ म्हणत होता! त्यावर बाण आणि खाली इंग्रजी ‘आय’ अक्षर आहे, म्हणजे हिंदुस्थान सरकारचा माल. चामडे घेताना टाके बघावेत, आत हिरवट गंज आहे का बघावे. तेल चोपडू नये, त्याने टाके कुजतात. आकार टिकावा म्हणून मी आत लाकडी ठोकळा ठेवतो.

एक मात्र हात जोडून सांगतो. कोणी “जुनं मिलिटरी पिस्तूल आहे, गुपचूप घ्या” म्हणाले तर तिथून निघा. २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगल्यास किमान सात वर्षांची शिक्षा आहे. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या शस्त्राला कायद्यात सूट आहे, पण ते तसे आहे की नाही हे आपण ठरवायचे नाही. मी तर रिकामे काडतूससुद्धा घेत नाही.

आता त्या नंबराकडे परत येतो. आपल्या शेजारी येलहंक्याला रेल्वेचा चाकांचा कारखाना आहे. तिथून निघणाऱ्या प्रत्येक चाकावर क्रमांक असतो. चाकाला तडा गेला तर त्या क्रमांकावरून आम्ही ते कधी ओतले इथपर्यंत पोचतो. क्रमांक नसलेले चाक आमच्या दृष्टीने नुसते लोखंड.

शस्त्राचेही तसेच आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सवर झाडलेले भगतसिंगांचे .३२ कोल्ट पिस्तूल कित्येक वर्षे इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशालेत इतर पिस्तुलांत पडून होते. गंज चढू नये म्हणून त्यावर काळा रंग मारलेला. २०१६ साली शोध लागला तो खटल्याच्या कागदांतल्या १६८८९६ या क्रमांकामुळे. रंग खरवडला, क्रमांक जुळला, आणि कपाटातले एक जुने पिस्तूल भगतसिंगांचे पिस्तूल झाले. पुढे ते हुसैनीवालाच्या संग्रहालयात गेले. चंद्रशेखर आझादांचे कोल्ट अलाहाबादच्या संग्रहालयात आहे. ज्याला बघायचे त्याने तिकीट काढून बघावे. खरा संग्रह तिथेच शोभतो.

आणि शस्त्राची दुसरी बाजूही विसरू नये. ९ ऑगस्ट १९२५ रोजी काकोरीला क्रांतिकारकांनी गाडी अडवली, तेव्हा त्यांच्याजवळ जर्मन माऊझर होती. खजिना सरकारचा होता, पण एका सुटलेल्या गोळीने त्या गाडीतल्या एका निरपराध प्रवाशाचा जीव गेला. मी रेल्वेचा माणूस, मला तो प्रवासी आठवतो. म्हणून आमच्या घरातून ते रिव्हॉल्व्हर गेले याचे आज मला दुःख नाही. नंबर गेला याचे आहे. त्या नंबराबरोबर आजोबांना ते कुठे मिळाले, कोणत्या वर्षी मिळाले, हे सगळे गेले.

म्हणून एक विनंती. इथे बेळगाव, कोल्हापूर, साताऱ्याकडची पुष्कळ घरे आहेत. कुणाच्या ना कुणाच्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांचे पदक असेल. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन ती वाचा, वहीत उतरवा, मुलांना दाखवा. घरात परवान्याचे शस्त्र असेल तर परवान्याची झेरॉक्स वेगळी ठेवा आणि वारसांना आजच सांगून ठेवा. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात संग्रहालय आहे. घरी सांभाळणे जमत नसेल तर भंगारात घालण्याआधी तिथे विचारा.

खंडेनवमीला मी माझ्या व्हर्नियर आणि मायक्रोमीटरशेजारी हे होल्स्टर ठेवतो. सौभाग्यवती म्हणते, “अहो, आत काही नसताना फुलं कसली वाहता?” मी तिला सांगतो, उद्या बाप्पांचे विसर्जन झाले की आपण रिकामा पाट घरी आणतो. तो काय कोणी अडगळीत टाकतो का?

गणपती बाप्पा मोरया!