विधी साहाय्यातील वकीलबदल

सरकारी खर्चाने मिळालेला वकील बदलून मागता येतो. मात्र ही मुभा स्वतः फी भरणाऱ्या पक्षकाराइतकी मोकळी नाही. फी भरणारा पक्षकार जुन्या वकिलाची हरकत नसल्याची सही घेऊन नवे वकीलपत्र दाखल करतो आणि विषय तेथेच संपतो. विधी साहाय्यात नेमणूक विधी सेवा प्राधिकरण करते. त्यामुळे बदलाचा अर्जही जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे किंवा तालुका समितीकडे द्यावा लागतो आणि कारण सांगावे लागते. वकील तारखेला हजर नसतो, भेट देत नाही, मोफत कामाचे पैसे मागतो किंवा विरुद्ध पक्षाशी त्याचा संबंध निघतो, या तक्रारी नेहमीच्या. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांनुसार समाधानकारक काम न करणाऱ्या पॅनेल वकिलाकडून प्रकरण काढून घेता येते. पक्षकाराने पॅनेलवरील एखाद्या वकिलाला पसंती दिल्यास तिचा विचारही करता येतो. कारागृहातील कच्च्या कैद्याला मात्र हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1978 च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरीब कैद्याला अपिलासाठीही वकील देणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 9 नोव्हेंबर 1995 रोजी अमलात आला. नेमणुकीची वाट त्यामुळे आखली गेली. वकील बदलतानाच्या टप्प्याकडे मात्र तितके लक्ष गेले नाही, आणि पक्षकाराचे मोठे नुकसान त्याच टप्प्यावर होते.

खंडवा येथील 2013 चा खटला याचा पुरावा आहे. विधी साहाय्यातून नेमलेला वकील आला नाही म्हणून त्याच दिवशी दुसरा नेमला गेला आणि त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले. कागद वाचायला आणि आरोपीशी बोलायला नव्या वकिलाला उसंतच मिळाली नाही. सुमारे दोन आठवड्यांत खटला संपला आणि फाशीची शिक्षा झाली. डिसेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून खटला नव्याने चालवण्यास सांगितले. जन्मठेप किंवा फाशी संभवणाऱ्या खटल्यांत किमान दहा वर्षे वकिली केलेल्यांनाच नेमावे व तयारीला पुरेसा वेळ द्यावा, असेही बजावले. पुढे 2024 मध्ये तोच आरोपी निर्दोष सुटला.

याउलट, मुंबईवरील 26/11 च्या हल्ल्याच्या खटल्यात आरोपी कसाबचा वकील 2009 मध्येच दोनदा बदलला: एप्रिलमध्ये हितसंबंध आड आल्यामुळे, नोव्हेंबरअखेर न्यायालयाशी असहकाराच्या ठपक्यामुळे. दुसऱ्या बदलानंतर बचाव के. पी. पवार यांच्याकडे आला. ते आधीपासून साहाय्यक वकील म्हणून खटल्यात होते, त्यामुळे बचावाचा धागा तुटला नाही.

हा धागा प्रत्यक्षात फाइलमध्ये असतो. दोषारोपपत्राच्या नकला न्यायालयातून पुन्हा काढता येतात. पण कोणत्या साक्षीदाराला काय विचारायचे ठेवले होते आणि पक्षकाराने पहिल्या भेटीत कोणती हकीगत सांगितली, हे जुन्या वकिलाच्या टिपणांतच राहते. फी थकली तरी वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट केले आहे. जेथे फीचा प्रश्नच नाही तेथे फाइल अडणे अक्षम्य होय.

फौजदारी खटल्यांसाठी अनेक जिल्ह्यांत सुरू झालेल्या लोक अभिरक्षक कार्यालयांमुळे, म्हणजे विधी साहाय्याच्या पूर्णवेळ वकिलांच्या कार्यालयांमुळे, एक सोय झाली. तेथील वकील सोडून गेला, तरी फाइल कार्यालयातच राहते. मात्र एकाच गुन्ह्यातील दोन आरोपी परस्परांवर दोष ढकलत असतील, तर दोघांचा बचाव एकाच कार्यालयाकडे ठेवणे योग्य नाही. तेथे बाहेरचा पॅनेल वकील दिलाच पाहिजे.

वकील बदलताना बचावाचा धागा तुटू नये यासाठी या अधिवेशनाने दोन गोष्टी ठरावाने मागाव्यात. बदलाच्या आदेशातच फाइल सोपवण्याची तारीख लिहिली जावी, आणि नव्या वकिलाने आरोपीची कारागृहात भेट घेतल्याची नोंद झाल्याखेरीज पुढची साक्ष घेतली जाऊ नये.