वाळू दे आधी

(शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून)



मेळाव्याच्या ग्रुपवर मला फर्मान आलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर दहा मिनिटं एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर आपली मुलं आपल्याला रोजच ऐकवतात. मी रंगांवर बोलते. इंजिनिअरिंगची पदवी आहे, त्यामुळे थोडं रसायनशास्त्र येईल. सहन करा.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा दिल्या. दहावीनंतर माझी रंगपेटी माळ्यावर गेली, ती चाळिशी ओलांडल्यावर खाली आली. नाशिकची परंपरा खरं तर जलरंगाची. शिवाजी तुपे सरांनी जलरंगात रंगवलेले गंगेचे घाट आपण पाहिलेत. पुढे सावंत बंधूंनी जलरंगात नाव काढलं. पण जलरंगात चूक झाकता येत नाही, आणि मला चुका भरपूर करायच्या होत्या. म्हणून प्रश्न उरला तो तैलरंग की ॲक्रिलिक एवढाच.

दोन्हींमधलं रंगद्रव्य बहुतेक वेळा एकच असतं. फरक असतो ते धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा. तैलरंगात जवसाचं तेल असतं, ज्या जवसाची आपण चटणी करतो तेच. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. पातळ थराला दोन-चार दिवस लागतात, जाड थराला कित्येक आठवडे. ॲक्रिलिकमध्ये पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटतात आणि दहा-वीस मिनिटांत थर पक्का होतो. तैलरंग ट्यूबमध्ये मिळू लागले १८४१ नंतर, त्यामुळे ते घेऊन चित्रकाराला उघड्यावर बसणं सोपं झालं. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक चित्रकारांच्या हाती आले १९५० च्या दशकात. म्हणजे एकाची परीक्षा कित्येक शतकं झालीय, दुसऱ्याची जेमतेम सत्तर वर्षं.

म्हणून ॲक्रिलिकला दुय्यम समजू नका. नागपूर आणि जे. जे. मध्ये शिकलेले रझा आधी तैलरंगात निसर्गचित्रं करत. पुढे ते ॲक्रिलिककडे वळले. त्यांचं १९८३ चं 'सौराष्ट्र' हे भलंमोठं चित्र ॲक्रिलिकमधलं आहे.

आता नाशिकच्या हवेत काय होतं ते सांगते. एप्रिलच्या दुपारी गंगापूर धरणावर ॲक्रिलिक घेऊन बसलात, तर ब्रश पाण्यात बुडवेपर्यंत पॅलेटवरचा रंग वाळतो. त्यावर माझा उपाय म्हणजे पोळ्यांचा डबा. तळाला ओला पंचा, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही चालतात. डिसेंबरच्या पहाटे उलटी अडचण. पारा दहाच्या खाली गेला की ॲक्रिलिकचे कण एकमेकांना नीट चिकटत नाहीत, थर कच्चा राहतो. निफाडकरांनी हे खास लक्षात ठेवावं. आणखी एक, ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं. संध्याकाळच्या पाण्याचा रंग अगदी जुळला म्हणून खूश व्हावं, तर चहा पिऊन येईपर्यंत तो बदललेला असतो. तैलरंग ओला असताना दिसतो जवळपास तसाच राहतो, फक्त वर्षानुवर्षं किंचित पिवळा पडत जातो. ब्रह्मगिरीवरचे पावसाळी ढग एकमेकांत विरघळवायचे असतील तर तैलरंगासारखा दुसरा रंग नाही. मात्र टर्पेंटाइनच्या वासाने घरचे लोक बाहेर काढतात.

हे सगळं पुस्तकी ज्ञान मला होतं. तरीही मी जी चूक केली, ती आज मुद्दाम सांगायला उभी आहे.

आमचा वाडा तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलाय. अभ्यासाच्या नावाखाली त्याच्या गच्चीवर आपण पतंग उडवले आहेत. गच्चीवरून गंगा दिसायची, घाटाच्या पायऱ्या दिसायच्या आणि पलीकडे १७४७ सालचं नारोशंकराचं देऊळ. पावसाळ्यात दुतोंड्या मारुती किती बुडाला हे आई तिथूनच बघून आम्हाला सांगायची. लग्न होऊन ती त्या घरात आली, त्याला पन्नास वर्षं झाली होती. वाडा मोडकळीला आला होता. दिवाळीनंतर तो पाडायचा आणि आईने फ्लॅटमध्ये राहायला जायचं, असं घरात ठरलं. आई एवढंच म्हणाली, "गच्चीवरून दिसतं ते एकदा काढून दे मला."

गणपती नुकतेच बसले होते. मी नोकरीमुळे पुण्यात, हातात फक्त शनिवार-रविवार. पहिल्या शनिवारी रंग ठरवायला म्हणून कागदावर ॲक्रिलिकमध्ये तासाभरात एक छोटं कच्चं चित्र केलं. रविवारी मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात आकाश आणि पाणी रंगवलं. छान झालं. पुढच्या आठवड्यात आले तर आकाश अजून हाताला चिकटत होतं. पांढरा रंग तेलात मुळातच हळू वाळतो, त्यात हवा दमट. त्याच्या पुढचे दोन्ही दिवस पाऊस. मग ऑफिसचं एक रिलीज आलं. दिवाळी जवळ आली आणि माझ्या डोक्यातली डेडलाइनवाली बाई जागी झाली. घाट आणि देऊळ मी एका दुपारी त्याच कॅनव्हासवर ॲक्रिलिकमध्ये उरकून टाकलं.

पाडव्याला आईला चित्र दिलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग कळस कुठे आहे तिथे बोट ठेवून म्हणाली, "इथे सकाळचं ऊन यायचं."

फेब्रुवारीत तिच्या नव्या घरी गेले तेव्हा कळसाच्या जागी आकाश दिसत होतं. देवळाच्या कडा सुटून वर वळल्या होत्या. आईने मला फोनवर काहीच सांगितलं नव्हतं. खाली पडलेले कपचे तिने हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत जपून ठेवले होते. डबी माझ्या हातात देत म्हणाली, "चिकटवता येतील ना?"

नाही येत. खालचा तैलरंग महिनोन्‌महिने आतून वाळत असतो, बारीक हालत असतो आणि वरून तेलकट असतो. पाण्यातल्या ॲक्रिलिकला त्यावर पकड मिळत नाही. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक चालत नाही. नियम एका ओळीचा आहे आणि मला तो पाठ होता. कामात ज्युनिअर मुलांनी अशी घाई केली तर मी त्यांना बोलते. इथे मला बोलायला कुणी नव्हतं, आणि तोवर वाडाही उरला नव्हता.

मी चित्र पुण्याला नेलं. ॲक्रिलिकचा थर नखाने हळूहळू सोलला. सायीसारखा निघाला. खाली पहिल्या रविवारचं आकाश आणि पाणी जसंच्या तसं होतं. आता प्रश्न होता, घाट आणि देऊळ कशावरून काढायचं? मोबाइलमधले फोटो ढीगभर होते, पण त्यांत सावल्या नुसत्या काळ्या. आपल्या घाटाचा दगड काळा म्हणतात, पण काळ्या ट्यूबमधून तो येत नाही. त्यात निळा असतो आणि भाजक्या मातीचा तांबूस असतो. तो रंग मला सापडला त्या तासाभराच्या कच्च्या चित्रात. तेव्हा डोळ्यासमोर होतं ते ॲक्रिलिकने तिथल्या तिथे पकडलं होतं. ते समोर ठेवून मी देऊळ पुन्हा काढलं, या वेळी तैलरंगात. पातळ थर, दोन आठवडे थांबायचं, मग जरा तेलकट थर, पुन्हा थांबायचं. आठ महिने लागले. व्हार्निश त्यानंतरही सहा महिन्यांनी दिलं.

म्हणून कुणी विचारलं की निसर्गचित्राला कोणता रंग चांगला, तर माझं उत्तर असं. जागेवर बसून, जाणारा उजेड पकडायचा असेल तर ॲक्रिलिक. घरी बसून, आठवत आठवत चित्र पुरं करायचं असेल तर तैलरंग. एकाच कॅनव्हासवर दोन्ही हवे असतील तर खाली ॲक्रिलिक, वर तेल. उलट कधीही नाही, दिवाळी उद्यावर आली असली तरी नाही.

आपले ड्रॉइंगचे सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुम्ही पोस्टर कलरच्या तासाला आमच्या हातातला ब्रश काढून घ्यायचात आणि म्हणायचात, "वाळू दे आधी." तेव्हा वाटायचं, सरांना बेल होईपर्यंत वेळ काढायचाय. एक रंग दुसऱ्यात मिसळून सगळ्याचा चिखल होऊ नये म्हणून तुम्ही थांबवायचात, हे मला फार उशिरा कळलं.

ते चित्र आता आईच्या फ्लॅटमध्ये, ती सकाळी चहा पिते त्या टेबलासमोर आहे. कळसावर ऊन आहे. डबी मात्र तिने टाकलेली नाही. ती अजून देवघरात आहे.

मी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गंगापूर धरणावर रंगवायला बसते. कुणाला यायचं असेल तर रंग मी देईन. पोळ्यांचा डबा आपापला आणा, आणि शक्यतो पोळ्यांसकट आणा.