जुना लॅपटॉप : दुरुस्ती की नवा?
(प्रभाग संघाच्या मासिक सभेतील भाषण)



संघाचा लॅपटॉप चालू व्हायला दहा मिनिटं घेतोय, म्हणून नवाच घेऊया असं बऱ्याचजणी म्हणताय. पण म्हैस आटली म्हणून लगेच बाजार दाखवतो का आपण? आधी गाभण आहे का बघतो. तसंच इथं करायचं.

मशीन जुनं आणि हळू असेल, तर बऱ्याचदा दोष हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवली, रॅम चारची आठ जीबी केली की तेच मशीन पळायला लागतं. खर्च नव्यापेक्षा पुष्कळ कमी.

पण आधी प्रोसेसर बघा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आय-५ नंतरचा आकडा ८२५० असला तर आठवी पिढी, ७२०० असला तर सातवी. सातवी निघाली, तर त्यात पैसे घालू नका. गटांचे हिशेब, बायकांची बँक खाती त्यात आहेत.

गगनबावड्याच्या पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून बॅटरीही तपासून घ्या. फुगली असेल तर वापरूच नका.

काहीही ठरवा, पण आधी सगळे हिशेब दुसरीकडे उतरवून ठेवा. मग तीन दुकानांची कोटेशनं आणा आणि ठराव इतिवृत्तात लिहा. पैसा आपल्या बचतीचा आहे, बायांनो!