मोटार स्वदेशी कशाने ठरते?



मोटार स्वदेशी केव्हा म्हणावी, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत जुळणीचा कारखाना काढला. परदेशातून पेट्यांत भरून आलेले सुटे भाग येथील कामगार जोडीत आणि तयार गाडी मुंबईच्या फाटकातून बाहेर पडे. ती भारतीय होती काय? स्वतंत्र भारताच्या सरकारने याचे उत्तर नकारार्थी दिले. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून असे धोरण ठरले की, क्रमाक्रमाने भाग येथेच बनविण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी नाही, त्यांना केवळ जुळणीवर व्यवसाय करता येणार नाही. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने मुंबईचा कारखाना बंद केला. मैदान उरले ते मुख्यतः उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सला आणि कुर्ल्याच्या प्रीमिअरला.

या धोरणाची थट्टा करण्याची आता रीतच पडली आहे; परंतु ती एकांगी आहे. अँबॅसिडर मुळात मॉरिस ऑक्सफर्ड आणि पद्मिनी मुळात फियाट, हे खरेच. तथापि त्यांच्या आश्रयाने सुटे भाग बनविणारा एक उद्योग या देशात उभा राहिला. दोष होता तो निराळा. भाग देशी झाले, पण आराखडा जागचा हलला नाही. संरक्षणाच्या भिंतीआड मालक निवांत झाले, आणि अँबॅसिडर २०१४ पर्यंत जवळजवळ त्याच रूपात निघत राहिली. २०१७ साली तिचे नावसुद्धा ८० कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्यूजोला विकले गेले!

मारुतीची कथा याच्या उलट आहे. १९८२ च्या करारात सुझुकीचा वाटा २६ टक्के होता आणि कंपनी सरकारी होती. १९९२ मध्ये तो ५० टक्क्यांवर गेला, २००२ मध्ये बहुमत सुझुकीकडे आले आणि २००७ मध्ये सरकार पूर्णपणे बाहेर पडले. या काळात गाडीतील देशी भाग वाढतच गेले. मालकी मात्र टप्प्याटप्प्याने परकी झाली. तंत्रज्ञानापोटी जपानला स्वामित्वधन जातच राहिले. म्हणजे लोखंड येथले, हात येथले, निर्णय तिकडचा. या गाडीला स्वदेशी म्हणावयाचे की नाही, हे आपण भाग मोजतो की सत्ता मोजतो यावर अवलंबून आहे.

सरकारी हिशेब अर्थातच भाग मोजतो. २५,९३८ कोटींच्या २०२१ च्या उत्पादन-प्रोत्साहन योजनेत निदान ५० टक्के देशी मूल्यवृद्धीची अट आहे. स्थूलमानाने विक्रीकिमतीतून आयातीचे मूल्य वजा केले की उरते ती देशी मूल्यवृद्धी. आता या उरलेल्या रकमेत काय काय येते ते पाहा. कामगाराचे वेतन येते, तसाच मालकाचा नफाही येतो. समजा, एखाद्या कारखान्याने कायम कामगार काढून त्यांच्या जागी कंत्राटी मुले निम्म्या पगारावर घेतली आणि गाडीची किंमत तीच ठेवली. वेतन घटले तेवढा नफा वाढला. देशी मूल्यवृद्धीचा आकडा तसूभरही हलला नाही. कागदावर गाडी होती तितकीच स्वदेशी!

अमेरिका, मेक्सिको व कॅनडा यांचा २०२० साली अमलात आलेला करार या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. जकातमाफीसाठी मोटारीतील प्रादेशिक मूल्य आधीच्या ६२.५ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर नेण्यात आले. शिवाय प्रवासी गाडीच्या मूल्यापैकी ४० टक्के भाग ताशी सरासरी किमान १६ डॉलर वेतन देणाऱ्या कारखान्यांतून यावा, अशी अट घालण्यात आली. हे मेक्सिकन कामगारावरील प्रेमापोटी झाले नाही. स्वस्त मजुरीच्या ओढीने अमेरिकेतील कारखाने दक्षिणेकडे जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू. हेतू काहीही असो, गाडी कोठली हे ठरविताना कामगाराचा पगार विचारण्याची पद्धत त्यामुळे कायद्यात आली.

भारतीय योजनेत वेतनाची अशी अट नाही. सार्वजनिक पैशातून प्रोत्साहन घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने देशी मूल्यवृद्धीबरोबरच तीमधील वेतनाचा वाटा आणि कायम व कंत्राटी कामगारांची संख्या दरवर्षी जाहीर करावी, एवढी मागणी चाकणपासून मानेसरपर्यंतच्या कामगार संघटनांना आजच करता येईल. त्यासाठी नवा आयोग नेमावा लागणार नाही. हे आकडे कारखान्यांच्या हजेरीपटांत आणि पगारपत्रकांत आहेतच.